वर सांबार

आमच्या चौघांच्या गटाच्या कप्तानाने माझ्या भाचीला फसवलं. मोबाइलवरच्या खेळाच्या स्पर्धेत तिची हक्काची जागा होती. तिचं नाव खराब करून ती त्याने काढून घेतली आणि आपल्या मित्राला दिली. बाजारात मी खरा भाव कधी आधी सांगत नाही. इथे सांगून टाकते, कारण पुढचं बरंचसं मला आभार मानण्यात घालवायचं आहे आणि त्या भरात हे मागे पडायला नको.

मी वाशीमच्या बाजारात भाजी विकते. माहेर इंझोरीकडचं. तिथे वडिलांचा मळा होता. वांगी, टमाटे, मेथी आणि पाटाच्या कडेने सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर. आमच्याकडे हाच शब्द आहे आणि या शब्दावरून पुढे बरंच घडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते. लग्नानंतर मी बसस्टँडबाहेर टोपलं घेऊन बसायचे. आज बाजारात माझा ओटा आहे, वर टिनाचं छत आहे, आणि हे दोन्ही मी तोंडाच्या जोरावर मिळवलं. माझा राग अख्ख्या बाजाराला माहीत आहे. नवरा म्हणतो, "हिच्याशी भाव करण्यापेक्षा माणसानं उपाशी राह्यलेलं बरं." तो हे गिऱ्हाइकांसमोर म्हणतो.

पण माझ्या ओट्यावर भांडणाची एक रीत आहे. ती आईकडून आली. मालाला काय वाटेल ते म्हणावं. वांगं किडकं म्हणा, मेथी शिळी म्हणा, मीही म्हणेन की एवढी पारख असती तर तुम्ही उन्हात पिशवी धरून फिरला नसता. आवाज चढू द्या, लोक जमू द्या. माणसाच्या आईबापाला, घरच्या बायकांना मात्र शब्द लावायचा नाही. आणि सौदा पटो की मोडो, शेवटी मी सांबाराच्या चार काड्या उचलते आणि समोरच्याच्या पिशवीवर ठेवते. "घ्या, वर सांबार." म्हणजे भांडण संपलं. काही न घेता निघालेल्यालाही मी त्या काड्या देते. उद्या तो पुन्हा येतो.

दोन वर्षांपूर्वी ओट्यावरून उतरताना फुलकोबीच्या पानावर माझा पाय घसरला आणि नडगीचं हाड मोडलं. तीन महिने प्लास्टर. नवऱ्याने दुकान सांभाळलं आणि मी घरी खाटेवर पडून भिंतीशी भांडू लागले. दिवसभर कोणाशी घासाघीस नाही, कोणावर ओरडणं नाही. माझी जीभ गंजेल अशी मला भीती वाटायची. तेव्हा जऊळक्याहून माझ्या बहिणीची मुलगी राहायला आली. तिचं वाशीमच्या कॉलेजात शेवटचं वर्ष चालू होतं. सकाळी कॉलेज, दुपारी माझं जेवणखाण, औषधं, आणि मग कानात ते छोटे स्पीकर घालून मोबाइलवर खेळ.

एका दुपारी मी तिला डाळीत मीठ कमी, पोळी जाड, पंखा हळू असं ऐकवत होते. तिने नवऱ्याचा जुना मोबाइल माझ्या हातात दिला.

"मावशी, माह्यावर ओरडण्यापेक्षा इथं ओरड. इथं चालते."

खेळ साधा आहे. चारचारांचे गट एका बेटावर उतरतात. तिथल्या घरांत बंदुका, गोळ्या, औषधाच्या पेट्या पडलेल्या असतात, त्या गोळा करायच्या. शेवटी जो गट जिवंत राहील तो जिंकला. माझा नेम कधीच बसला नाही. समोरचा माणूस दिसायच्या आत मी मरायचे. पण आठ दिवसांत मला एक गोष्ट कळली, की या बेटावरही बाजार आहे. एकाकडे औषध जास्त, दुसऱ्याकडे गोळ्या जास्त, आणि मागायची कोणाला अक्कल नाही. मी आवाज चालू करून सांगायचे, "तुही दुर्बीण मले दे, मी तुले दोन औषधाच्या पेट्या देतो. तुले दुर्बिणीतून दिसतेच काय, तू तर भिंतीवर गोळ्या मारून राह्यला." आमच्या गटाकडे सामान कधी कमी पडलं नाही. नेम भाचीचा होता. ती हळू श्वास घेऊन एक गोळी सोडायची आणि लांबचा माणूस पडायचा.

मग माझ्या लक्षात आलं की ती स्वतः कधी बोलत नाही. जे सांगायचं ते लिहून सांगते, आणि खेळात तिने मुलाचं नाव घेतलं आहे.

"काहून चूप बसतं तू? तोंडात मूग हायेत काय?"

"आवाज ऐकला की सुरू होतात, मावशी."

"कोण सुरू होते?"

"कोणीबी. तू ऐक एक डाव."

त्या डावात तिने आवाज चालू केला आणि फक्त एवढंच म्हणाली, "डावीकडे दोन जण आहेत." पुढची पंधरा मिनिटं आमच्याच गटातल्या दोन अनोळखी मुलांनी तिला जे ऐकवलं ते मी लिहिणार नाही. डावीकडे खरंच दोन जण होते, पण तिकडे कोणी बघितलं नाही. त्यांना एक मुलगी सापडली होती. मी मध्ये पडले तर एक म्हणाला, "आंटी, तुम्ही जाऊन भाजी चिरा."

"चिरत नाही रे बाबू, विकतो," मी म्हटलं. "तुह्यासारखे भोपये रोज तोलतो."

भाची हसली, पण आपला आवाज तिने पुन्हा बंद करून टाकला. मी बाजारात तीस वर्षं शिव्या ऐकल्या आहेत, तरी हे मला नवीन होतं. बाजारात शिवी देणारा समोर उभा असतो. त्याचं तोंड दिसतं, त्याची पिशवी दिसते, उद्या त्याला त्याच वाटेने यायचं असतं. इथे शिवी देऊन माणूस बटण दाबतो आणि नाहीसा होतो. सांबार ठेवायला पिशवीच उरत नाही.

याच दिवसांत आमचा कायमचा गट जमला. तिसरा होता कारंज्याचा एक गादीवाला. बापजाद्यांपासून कापूस पिंजून गाद्या भरायचं काम. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो खेळायचा. आवाज मऊ, बोलणं थोडकं, मला आपा म्हणायचा. मेला तरी कोणाला दोष द्यायचा नाही. "मेरीच गलती होती, आपा. मी खिडकीत उभा राह्यलो." चौथा कप्तान. मोठ्या शहरातला, गोड गळ्याचा, बोलणं साखरेसारखं. त्याला आमच्यापेक्षा खूप कळायचं, हे मी मान्य करते. मी घासाघीस करून जमवलेलं सामान आणि भाचीचा नेम याच्या बळावर आम्ही जिंकू लागलो, आणि त्याने आम्हाला तसं सांगितलंही.

पहिल्यांदा त्याच्याशी माझं वाजलं ते एका बंदुकीवरून. मनसोक्त भांडून झाल्यावर मी सवयीने म्हटलं, "चाल, झालं. वर सांबार."

"सांबार?" कप्तान म्हणाला. "इडलीसोबत का, मावशी?"

"इडली कायले? पिशवीवर."

"पिशवीवर सांबार ओतता तुम्ही?"

गादीवाला एवढा हसला की त्याच्या दुकानातलं गिऱ्हाईक काय झालं म्हणून विचारू लागलं. मग भाचीने आवाज चालू केला. आमच्या गटात ती पहिल्यांदा बोलली ती हे समजावून द्यायला. तिने बाजाराची रीत सांगितली, चार काड्यांचा अर्थ सांगितला. कोणी तिला काही वेडंवाकडं बोललं नाही. त्या दिवसापासून आमच्या गटात कोणी चिडलं की दुसरा म्हणायचा, "वर सांबार," आणि विषय संपायचा. कप्तानही म्हणायचा. आणि भाचीचा आवाज चालू राहू लागला. त्या तीन महिन्यांत माझं हाड जुळलं, पण मला जास्त आनंद याचा झाला.

मग स्पर्धा आली. कॉलेजच्या वयाच्या मुलामुलींची, आणि वरून वयाने मोठ्या एका खेळाडूला घेता येत होतं. मी आपण होऊन गादीवाल्याला पुढे केलं, कारण माझ्या नेमावर कोणी भरवसा ठेवू नये. निवड कप्तानाच्या हातात. चौथा म्हणून त्याने आपल्या कॉलेजातला एक मुलगा घेतला. भाचीने त्यासाठी खेळातलं मुलाचं नाव काढून टाकलं आणि आपलं खरं नाव लिहिलं. नियम असा की सगळ्यांचे आवाज चालू हवेत. "मावशी," ती म्हणाली, "मले जिंकायचं तर हायेच. पण लोकाईनं मले ऐकावं, मुलगी म्हणून ऐकावं, आणि मंग माहा नेम पाहावा." तिला त्या जागेपेक्षा जास्त काही हवं असल्याचं मी कधी बघितलं नाही. कपडालत्ता, मोबाइल, कशाचाच हट्ट तिने कधी केला नव्हता.

स्पर्धेच्या आधी चार दिवस सराव होता. मी माझ्या मोबाइलवरून नुसती ऐकत होते. कप्तान घाईने एका घरात शिरला आणि त्याच्यामागे तिघेही गेले. आत दुसरा गट दबा धरून बसला होता. चौघंही मेली. चूक उघडउघड कप्तानाची होती आणि भाचीने शांतपणे तेवढंच सांगितलं. "मी थांबा म्हटलं होतं."

त्याचा गोड गळा तिथे संपला. आधी गावठी म्हणाला, मग मले-तुले करून तिची नक्कल केली. मग त्याहून खालच्या पातळीवर उतरला. मुलीच्या अंगाविषयी जे बोलू नये ते, आणि घरी तिला खेळायला कोण कशासाठी देतं याविषयीही. गादीवाला म्हणत होता, "भाई, बस. भाई, वर सांबार." कप्तान म्हणाला, "सांबार तुझ्या घरी."

मी बोलायला गेले तर त्याने माझा आवाज बंद करून टाकला होता. मग मी भाचीच्या हातातून तिचा मोबाइल ओढून घेतला.

त्यानंतर मी काय बोलले ते मला शब्द न् शब्द आठवतं. मालाला नावं ठेवण्यावर मी थांबले नाही. त्याच्या आईवर गेले. घरच्या सगळ्या बायकांवर गेले. तीस वर्षं जे तोंडातून काढलं नव्हतं ते सगळं त्या चार मिनिटांत काढलं. भाची माझा दंड धरून हळूच म्हणत होती, "मावशी, झालं. वर सांबार म्हण. म्हण ना." मी म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा भांडण उघडं ठेवून मी मोबाइल खाली ठेवला, आणि खरं सांगायचं तर त्या घटकेला मला बरं वाटलं.

त्याने ते सगळं मोबाइलवर टिपून, रेकॉर्ड करून ठेवलं होतं. त्यातलं स्वतःचं बोलणं कापलं, माझं ठेवलं. मोबाइल भाचीचा, वर नाव भाचीचं. स्पर्धेवाल्यांकडे त्याने तो तुकडा पाठवला आणि लिहिलं, की आमच्या गटातली ही मुलगी अशी बोलते, हिच्यासोबत कोणी कसं खेळणार. दोन दिवसांत तिचं नाव काढलं गेलं, खेळातलं तिचं खातं महिनाभर बंद झालं आणि तिच्या जागी कप्तानाचा मित्र आला. तो तुकडा तिच्या कॉलेजातही फिरला. ज्या आवाजासाठी तिने एवढी हिंमत केली होती, त्याच्याऐवजी तिच्या नावावर लोकांनी माझा आवाज ऐकला.

मी तिच्या रागाची वाट बघत बसले. माझ्या बाबतीत कोणी असं केलं असतं तर मी घराचं कौल न् कौल हलवलं असतं. तिने चहा ठेवला. माझ्या पायाखालची उशी सारखी केली. मग खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "मावशी, तू माह्यासाठी बोलली. पण माह्या नावावर बोलली."

एवढंच. मग कप माझ्या हातात देऊन म्हणाली, "चहा पी. वर सांबार."

चहावर सांबार. तिला हसू आलं आणि मला रडू. तिच्या आईने, माझ्या बहिणीने, या पोरीला कुठल्या मातीत वाढवलं मला माहीत नाही. आम्ही दोघी तर एकाच मळ्यातल्या. त्या दुपारसाठी मी तिची ऋणी आहे आणि हे तिच्या तोंडावर बोलायला मला अजून जमलेलं नाही.

दुसरे आभार गादीवाल्याचे. त्याने आपण होऊन स्पर्धेवाल्यांना लिहिलं, की मी तिथे होतो, आधी कप्तान बोलला, आणि नंतर जे बोललं गेलं ते त्या मुलीने नव्हे, तिच्या मावशीने. त्यांनी उत्तर दिलं की पूर्ण बोलणं टिपलेलं असेल तर पाठवा. त्याच्याकडे नव्हतं. मग त्याने आपली जागा सोडली. मी त्याला फोन करून म्हटलं, "बाबा, तू कायले नुकसान करून घेतं? तू तर खेळ."

"आपा, मी खेळलो तर लोक मले त्याच्या बाजूचा मोजतीन," तो म्हणाला. "गादीत खडा राह्यला तर वरून चादर कितीबी चांगली टाका, झोप थोडी येते."

प्लास्टर निघाल्यावर मी ओट्यावर जाऊ लागले. एका मंगळवारी चाळिशीचा एक सडपातळ माणूस बगलेत उशी घेऊन समोर येऊन उभा राहिला. डोक्यावर टोपी, भुवयांत कापसाचे तंतू. "आपा," तो म्हणाला, आणि मी आवाजावरून ओळखलं. पायाखाली ठेवायला लहानशी उशी त्याने स्वतः पिंजून भरली होती. मी तिचं मोल विचारलं तर त्याने कानाला हात लावला. मग मी त्याच्या पिशवीत वांगी भरायला सुरुवात केली.

"बस, आपा. एवढे कोन खाईन?"

"मुकाट्यानं धर. टमाटे घे."

"टमाटे घरी हायेत."

"हे तुह्या घरचे नाहीत. मेथी घे."

"आपा, बसमध्ये लोक मले ठेलेवाला समजतीन."

तो कमी म्हणे, मी जास्त म्हणे. शेजारची टमाटेवाली ओरडली, "बाप्पा, आज काय सूर्य खालून उगवला काय, थे देऊन राह्यली." पिशवी भरली तेव्हा मी चार काड्या उचलल्या आणि वर ठेवल्या.

महिना संपला आणि भाचीचं खातं उघडलं. मला वाटलं ती पुन्हा मुलाचं नाव घेईल. तिने घेतलं नाही. आता ती प्रत्येक डावाच्या सुरुवातीला आवाज चालू करून सांगते, "मी मुलगी आहे, वाशीमची आहे, असंच बोलते. खेळायचं असेल तर थांबा." बरेच जण निघून जातात. काही जाता जाता घाण टाकतात. पण काही थांबतात, आणि थांबणाऱ्यांत मुलीही निघाल्या. एक लातूरची आहे, एक मेळघाटातली. त्याही आधी मुलांच्या नावाने खेळायच्या. गादीवाला त्यांच्यासोबत असतो आणि अजूनही खिडकीत उभा राहून मरतो. त्या गटात कोणी चिडलं की काय म्हणतात ते सांगायला नको. मेळघाटातल्या मुलीने मला विचारलं, "मावशी, हा शब्द तुमचा आहे ना?" मी म्हटलं आईचा आहे.

मीही दुपारी कधीमधी खेळते. नेम अजून तसाच आहे. राग आला की मोबाइल उलटा करून खाटेवर ठेवते आणि भिंतीला जे सांगायचं ते सांगून घेते. पाय मोडला नसता तर ही पोर इतकी जवळून दिसली नसती, कारंज्याचा भाऊ मिळाला नसता. फुलकोबीच्या त्या पानावर माझा राग नाही.

आता कप्तानाचं. तू हे वाचशील की नाही मला माहीत नाही, पण तुझ्या ओळखीचं कोणीतरी वाचेल. भाची म्हणते सोड. गादीवाला म्हणतो अल्ला बघून घेईल. मी बाजारात बसणारी बाई आहे. तोलात खोट दिसली की काटा धरून ठेवते. मला ती जागा परत नको. ती स्पर्धा झाली, तू हरलास, तेही मला कळलं. तुझ्या आईला मी जे बोलले त्याची तिच्याकडे माफी मागते, हात जोडून मागते. तिचा काही दोष नव्हता आणि रीत मी मोडली होती. ते माझ्या नावावर लिही. मुलीच्या नावावर नको.

पण माझ्या आधी तू बोलला होतास. ते पूर्ण बोलणं तुझ्याकडे आहे, कारण कापणाऱ्याकडेच आख्खं असतं. ते सगळ्यांसमोर लाव. आधी तुझं, मग माझं. आणि मग ज्या लोकांना तो तुकडा पाठवलास त्यांच्यासमोर, तुझ्या त्याच गोड गळ्याने सांग, की ज्या मुलीने फक्त "मी थांबा म्हटलं होतं" एवढंच म्हटलं, तिच्या नावावर तू माझं बोलणं काहून लावलंस. चार काड्या मी तुझ्यासाठीही काढून ठेवल्या आहेत. आधी उत्तर दे.